दोन तास, मग पिवळी चिठ्ठी

मूर्तिजापूर, सोमवार

माझ्या बॅगेचं चाक मूर्तिजापूरच्या फलाटावर निखळलं आणि घरंगळत जाऊन चहाच्या टपरीपाशी आडवं झालं. निघताना मुलगी म्हणाली होती, "आई, ही बॅग नको नेऊस." मी अर्थातच तीच नेली. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे कोणती वस्तू किती टिकेल हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा एक समज आहे. पुण्यात तो मोडायला कोणी धजावत नाही.

"ताई, हात नका लावू!" मागून आवाज आला.

सुभेदार गावंडे काठी टेकत येत होते. सोळा वर्षांनी भेटत होतो, पण प्रवास कसा झाला, घरचे कसे आहेत, काही नाही. त्यांनी आधी चाक पाहिलं, मग बॅग पाहिली आणि खिशातून सुतळी ओवलेली एक जाड पिवळी चिठ्ठी काढली.

"बिघाड काय?"

"चाक निघालं. दिसतंय की."

"कधी?"

"आत्ता. तुमच्या डोळ्यांदेखत."

"टाइम सांगा, ताई."

मी मनगटावर बघून सांगितला. त्यांनी तो लिहिला. मग म्हणाले, "पहिली फळी तुमी सोता. बसते का पाहा." मी फलाटावर उकिडवी बसून चाक दाबलं, ठोकलं, पुन्हा दाबलं. बसलं नाही. "मग मागं," असं म्हणून त्यांनी 'निर्णय' या शब्दापुढे तेवढंच लिहिलं, 'बदली' या शब्दापुढे 'थैली एक' लिहिलं आणि सोबत आलेल्या बाईंकडे चिठ्ठी दिली. "सही रेखाची. ज्याच्या हातात मशीन, त्यानं आपली चिठ्ठी आपुन नाई सही करायची. पुढच्या फळीनं करायची."

रेखा तिशी ओलांडलेली, अंगात निळा कामाचा सदरा, केसांना घट्ट गाठ. तिनं गंभीर चेहऱ्यानं सही केली, चिठ्ठी बॅगेच्या मुठीला बांधली आणि माझ्यासमोर एक भलीमोठी कापडी थैली उघडून धरली. येणारे-जाणारे बघत असताना मी साड्या, औषधं आणि चकल्यांचा डबा थैलीत भरला. पलीकडे, जिथून पूर्वी नॅरोगेजची छोटी गाडी सुटायची, तिथले रूळ गवतात बुडाले होते आणि त्यावर एक बकरी उभी राहून माझे कपडे बघत होती.

आता ओळख करून द्यायला हवी. पुंडलिकराव गावंडे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं आयुष्य गेलं ते दुसऱ्यांच्या गाड्या, तोफा आणि जनरेटर चालू ठेवण्यात. फौजेत त्यासाठी वेगळी पथकं असतात, हे मला ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा कळलं. नेमणूक पुण्याला होती तेव्हा खडकीत आमच्या वरच्या मजल्यावर ते आणि कुसुमवहिनी चार वर्षं भाड्यानं होते. त्या चार वर्षांत आमच्या घरातली एकही वस्तू बंद पडली नाही. ते गेले आणि महिन्याभरात मिक्सर, पंखा आणि गिझर तिघांनी मिळून संप केला. तेव्हापासून त्यांचा फोन आला की एकच: "ताई, या की एकदा आमच्या वऱ्हाडात." यंदा गेले.

मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावी, घराच्या पुढच्या अंगणातच त्यांची पत्र्याची शेड आहे. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि कांदा. आमच्याकडे ठेचा चाखतात, इथे खातात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी मी विचारलं, "हे फळीबिळी काय प्रकरण आहे?"

सुभेदारांनी ताट पुढे ओढलं आणि एक मिरची पार कडेला ठेवली. "ही गाडी. समोर लढून राहिली. हिचा ड्रायव्हर म्हंजे पहिली फळी. तेल, पानी, हवा, नट कसनं हे त्याचं त्यानं करायचं, दररोज. मेकॅनिकची वाट नाई पाहायची." मिरचीशेजारी चिमूटभर मीठ आलं. "ही दुसरी. प्रत्येक पलटनीसंगं एक छोटी टोळी असते. थोडे मानसं, एक गाडी, हत्यारं. पलटन हालली का हेही हालले." मागे कांद्याची फोड. "हे फील्ड वर्कशॉप. इंजन उतरवनं, गिअर बदलनं इथं." आणि ताटाच्या बाहेर भाजीची वाटी. "हे बेस. दूर, शहरात. तिथं गाडी पुरी खोलतात, नवी करून देतात."

"मग सगळं सरळ वाटीतच का नाही पाठवत? नीट तरी होईल."

"अन् मिरची तिकडं गेली तर इथं लढन कोन?" त्यांनी मिरचीचा तुकडा मोडला. "म्हनून मेकॅनिकनं समोर जायचं. जेवढं होते तेवढं समोरच करायचं. पन ताई, त्याले हद्द हाय. हद्द टाइमची. प्रत्येक फळीले टाइम ठरलेला. तेवढ्यात झालं तर झालं, नाई तर चिठ्ठी बांधायची अन् मागं. बदल्यात दुसरी गाडी समोर."

मग त्यांनी वाळवंटातल्या सरावाची गोष्ट सांगितली. त्यांचे उस्ताद एका ट्रकपाशी बसले ते बसलेच. आत्ता होते, आत्ता होते, म्हणत दिवस गेला. पलटण पुढे निघून गेली, पुढे तीन गाड्या बंद पडल्या आणि त्यांच्याजवळ कोणीच नव्हतं. "एका गाडीच्या प्रेमात पडलं का पुढच्या तीन पोरक्या होतात," सुभेदार म्हणाले. "उस्तादांसारखा हात मी जिंदगीत पाह्यला नाई. पन त्या दिवशी ते चुकले."

निवृत्तीनंतर गावी आल्यावर त्यांनी हीच घडी आसपासच्या सात गावांत बसवली. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पंप चालवणारा शेतकरी ही पहिली फळी. प्रत्येक गावात हत्यारांची पेटी आणि मोटारसायकल असलेली एक जोडी, ही दुसरी. शेड ही तिसरी आणि तिची प्रमुख रेखा. तिच्या घरी भाजीचा मळा. मळ्यावरचा पंप दुरुस्त करता करता ती आयटीआयपर्यंत पोचली आणि तिथून इथे. चौथी फळी अकोल्याची मोठी वर्कशॉपं. शेतातल्या दुरुस्तीला दोन तास, त्याहून मिनिटभर जास्त नाही.

मला आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवली. ती बंद पडली की व्हॉट्सॲपवर चर्चेला ऊत येतो, दोन गट पडतात, एक जण घटनेचं कलम सांगतो, आणि पाना कोणाच्याच हातात नसतो. मी हे सांगितल्यावर सुभेदार इतके हसले की त्यांना खोकला आला. उठताना मात्र त्यांनी काठीवर सगळा भार टाकला आणि क्षणभर चेहरा आवळला.

ते शेडमध्ये गेल्यावर कुसुमवहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटावरची एक निळी बॅग दाखवली. तिच्यावर धूळ नव्हती.

"दवाखान्याची हाय," त्या म्हणाल्या. "चादर, टॉवेल, गिलास, समदे रिपोर्ट. दोन दिवाळ्या झाल्या ताई, भरूनच हाय. उजवा गुडघा गेला यांचा. आपरेशनची तारीख आली का म्हनतात, एवढा सीझन होऊ दे. सोयाबीन झालं का कापूस, कापूस झाला का हरभरा. सीझन काई सरत नाई. तुमचं आयकतात ते. तुमी सांगून पाहा ना."

माझं माझी मुलगीसुद्धा ऐकत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. हो म्हटलं.

अमरावती, मंगळवार

सकाळी गावच्या मैदानावर परेड पाहिली. फौजेत आठवड्यातून एकदा सगळ्या गाड्या रांगेत लावून तपासतात, तशीच ही. ट्रॅक्टर एका ओळीत, प्रत्येकाचा मालक बॉनेट उघडून शेजारी उभा. सुभेदार काठी टेकत पुढून जात होते. एका ट्रॅक्टरपाशी थांबून त्यांनी तेलाची कांडी ओढली, बोटांत तेल चोळलं आणि मालकाकडे नुसतं बघितलं. साठीचा दांडगा गडी, पण माझ्या वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलाचं तोंड होतं तसं त्याचं झालं.

"काहून बदललं नाई?"

"राहून गेलं, सुभेदार."

"मशीन म्हनत नाई का राहून गेलं. मशीन एकदम बसते."

मनात म्हटलं, हेच गुडघ्याला लागू करा की. पण चारचौघांत बोलणं बरं दिसलं नसतं.

देवीच्या दर्शनाला जातो असं सांगून दुपारी वहिनी आणि मी अमरावतीला गेलो. दर्शन घेतलं, हे खरं. पण मुख्य काम डॉक्टरांकडे होतं. डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी गुडघ्याचा जुना एक्स-रे दिव्यावर धरून दाखवला. हाडाला हाड घासत होतं. "अजून चालतात तेच नशीब," ते म्हणाले. "पायाचा बाक वाढत चाललाय. आणखी थांबलात तर नंतरचं ऑपरेशन अवघड होईल आणि पाय पूर्वीसारखा सरळ व्हायची खात्री मी देणार नाही. शुक्रवारी जागा आहे. दुपारपर्यंत दाखल करा."

बाहेर पडल्यावर वहिनींनी एक्स-रे पिशवीत घातला. मग म्हणाल्या, "गिला वडा खाऊ," आणि आम्ही खाल्ला. दह्यात भिजलेला वडा, वर तिखट चटणी. दुःखात इतकं चविष्ट काही खाऊ नये असं वाटण्याइतका चांगला होता. दुसरा मागवला.

संध्याकाळी मी सुभेदारांना बत्तीस वर्षांचा अनुभव वापरून भाषण दिलं. सांधा, वंगण, घर्षण, शुक्रवारची जागा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं, ताई. एवढं सोयाबीन होऊ द्या." गुडघ्याला ते रोज निरगुडीचं तेल चोळतात. मी हरले, हे वहिनींना तोंडावरूनच कळलं.

गजाननभाऊंचं शेत, बुधवार

शेतावर जायचा हट्ट माझाच होता. मला मळणी बघायची होती. गजाननभाऊ हे सुभेदारांचे बालमित्र. शेताच्या मधोमध सोयाबीनची गंजी रचलेली, शेजारी सुभेदारांनी फौजेतून आल्यावर पहिल्यांदा दुरुस्त केलेलं जुनं मळणीयंत्र, आणि सगळ्यांचं लक्ष पश्चिमेकडे. तिकडे आभाळ काळवंडत चाललं होतं. कापून गंजीत लावलेलं सोयाबीन भिजलं तर दाणा काळा पडतो, शेंगेतच कोंब फुटतो. पेरणीपासूनचं सगळं त्या एका गंजीत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा यंत्र बंद पडलेलं होतं. बंद पडण्याआधी ड्रम थरथरत होता आणि एका बाजूचं बेअरिंग हात लावू देत नव्हतं इतकं तापलं होतं. गावच्या जोडीनं चिठ्ठी बांधून वेळ टाकली होती. नऊ वाजून पाच मिनिटं. म्हणजे अकरा वाजून पाचला मुदत संपणार.

खरं तर हे काम गावच्या जोडीचं, फार तर रेखाचं. पण सुभेदार पोत्यावर बसले, उजवा पाय पुढे लांब केला आणि पाना मागितला. कोणी नाही म्हणणार? ते काम करताना बघणं हे एक सुखच आहे. बोटं आंधळ्यासारखी चाचपत जातात आणि नेमकी हव्या त्या नटावर थांबतात. बेअरिंग उतरलं, नवीन बसलं. यंत्र सुरू केलं. थरथर होतीच. पुन्हा उतरवलं. पत्र्याची बारीक पट्टी कापून खाली घातली. सुरू केलं. थरथर.

रेखानं मनगटाकडे पाहिलं. "काका, टाइम झाला."

"दहा मिनटं."

मी गजाननभाऊंकडे पाहिलं. ते आभाळाकडे बघत होते. बालमित्राला चल ऊठ म्हणणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. सातही गावांना मिळून शेडमध्ये एकच बदली मळणीयंत्र आहे. ते आणायला तास लागणार आणि ते चालतंही सावकाश. मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं आणि उत्तर मला आवडलं नाही.

"काका, सव्वाअकरा झाले."

"पाच मिनटं. घावलं मले, घावलं."

तेवढ्यात रेखाचा फोन वाजला. दुसऱ्या गावात पंपाचा बिघाड होता, जोडीला जमत नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि चिठ्ठी सोडवून हातात घेतली.  तिनं 'मागे' लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी पुन्हा बांधली ती थेट सुभेदारांच्या दोन हातांच्या मधोमध, ते ज्या नटावर काम करत होते त्याच्याच शेजारी.

सुभेदार थांबले. मग एकदम भडकले. "रेखा, हे मशीन मी तू शाळेत जात व्हती तवापासून वळखतो!"

"म्हनूनच म्हनून राहिली, काका," रेखा म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमी याच्या प्रेमात पडले."

 सुभेदारांनी पाना पेटीत टाकला, तो खणकन वाजला. काठी घेतली आणि लंगडत जाऊन निंबाखाली पाठ करून बसले. मला भयंकर वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी टाळ्या वाजवाव्यात असंही वाटलं.

बदली यंत्र तासाभरात आलं. त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगात 'बदली' लिहिलंय, पण सगळे त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारी खोकत, कण्हत, पण न थांबता चालली. मीसुद्धा पोत्यांची तोंडं धरली. कुसळं गळ्यात, पाठीत, कुठे कुठे गेली ते लिहिण्यासारखं नाही. साडेचारला शेवटचं पोतं ताडपत्रीखाली गेलं. पंपाचं काम उरकून रेखाही परतली होती आणि आम्ही बांधावर बसून चहा घेत होतो तेव्हा ताडपत्रीवर पहिले टपोरे थेंब वाजले आणि गजाननभाऊ मोठ्यानं हसले. सुभेदारांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, पण रेखाकडे पाहिलं नाही.

अकोला, गुरुवार

सकाळी रेखानं ते यंत्र शेडमध्ये खोलून ड्रमचा दांडा बाहेर काढला. डिझेलनं धुतला, तेल लावलं, फडक्यानं कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. मी जवळ सरकले. हा तर माझ्या वर्गातला प्रयोग होता. बारीक भेगेत शिरलेलं तेल पुडीत वर चढतं. केशाकर्षण म्हणून मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, पण ते असं डोळ्यांसमोर कामाला आलेलं प्रथमच पाहिलं. बेअरिंग बसतं त्याच्या अगदी लगत, पांढऱ्या पुडीत केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली. दांडा अर्ध्याहून जास्त तडकला होता, भर वेगात केव्हाही तुटणारा.

सुभेदार दारात उभे होते. ते आत आले, वाकले, अंगठा त्या रेघेवरून फिरवला.

"नवं बेअरिंग घालून चालवलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग विचारलं, "समोर कोन असते पेंढ्या टाकाले?"

"गजाननभाऊ," रेखा म्हणाली.

ते बाहेर गेले. बाजेवर बसून राहिले.

दांडा नव्यानं बनवायला अकोल्याला न्यायचा होता. मी रेखाबरोबर पिकअपमध्ये बसले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती म्हणाली, "ताई, काकाले राग आला असन ना?"

"आला असेल."

"माह्या बापानं मले कवा पाना हाती घेऊ देला नाई. काकानं देला. अन् काल मी त्याहिच्याच हातातून..." ती रस्त्याकडे बघत राहिली. "रातभर झोप नाई आली. पन तवा दुसरं काई सुचलंच नाई. नियम त्याहिचाच व्हता."

 मी म्हटलं, "माझ्या सगळ्या शिकवण्याच्या काळात माझी चूक वर्गात उभं राहून सांगणारी एकच मुलगी निघाली. मी तिला बाकावर उभं केलं. ती अजून आठवते आणि अजून लाज वाटते." रेखा थोडी हसली. अकोल्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंडाच्या निळसर झिलप्या निघत होत्या, ते बघत आम्ही कढी घातलेला आलूबोंडा खाल्ला.

परत आलो तेव्हा सुभेदार शेडच्या भिंतीला टेकून काहीतरी लिहीत होते. आम्हाला बघून कागद खिशात घातला. मी त्या दिवशी गुडघ्याचा विषय काढला नाही. वहिनींनीही नाही. त्यांनी फक्त कपाटावरच्या बॅगेवरून फडकं फिरवलं.

मूर्तिजापूर, शुक्रवार

माझी गाडी सकाळची होती. शेडमध्ये माझी बॅग तयार होती. तिला कुठल्याशा फवारणी यंत्राचं भक्कम चाक बसवलं होतं. ते दुसऱ्या चाकापेक्षा बोटभर उंच आहे, त्यामुळे बॅग आता जरा तोऱ्यात, एका अंगाला झुकून चालते. चिठ्ठीवर 'दुरुस्त' असा शेरा आणि रेखाची सही. मी थैलीतून कपडे परत भरले. पिकअपच्या स्टिअरिंगवर गजाननभाऊ बसलेले पाहून मला नवल वाटलं, कारण गाडी नेहमी रेखा चालवते.

सुभेदार घरातून बाहेर आले. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. काठीच्या मुठीला पिवळी चिठ्ठी बांधलेली होती.

त्यांनी काठी सरळ रेखाच्या हातात दिली आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. रेखा चिठ्ठी वाचायला लागली. मी निर्लज्जपणे तिच्या खांद्यावरून वाचली. वळणदार, फौजी अक्षर:

यंत्र: पुंडलिक गावंडे.
बिघाड: उजवा गुडघा.
कधी: दोन वर्षं झाली.
प्रथम कोणी पाहिला: कुसुम.
पहिल्या फळीनं काय केलं: तेल.
निर्णय: मागे, अमरावती.
बदली: रेखा.

सहीची जागा कोरी होती.

रेखानं ती दोनदा वाचली. डोळ्यांना हात लावला नाही. निळ्या सदऱ्याच्या बाहीनं सरळ नाक पुसलं. "काका, टाइम नाई टाकला तुमी."

"तू टाक. माह्या मशीनची चिठ्ठी मी नाई सही करत."

तिनं भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ टाकली, सही केली आणि चिठ्ठी काठीला पुन्हा बांधली, चांगली दोन गाठी मारून. कुसुमवहिनी तोवर दारात उभ्या होत्या.  आत गेल्या आणि लगेच निळी बॅग घेऊन बाहेर आल्या. भरायला वेळ लागलाच नाही.

मला स्टेशनवर सोडून गाडी तशीच अमरावतीला जाणार होती. माझी तिरपी बॅग आणि वहिनींची निळी बॅग मागे शेजारी शेजारी ठेवल्या. रेखा शेडच्या दारात थांबली. तिच्या फोनवर कोणाचा तरी पंप बोलत होता. सुभेदारांनी पाय हातानं उचलून आत घेतला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सुरू झाले.

"रेखा, मंगळवारी परेडले तेलाच्या कांड्या नीट पाह्यजो. अन् म्हातारीचा पट्टा ढिला हाय. अन् अकोल्याहून दांडा आला का..."

"काका," रेखा म्हणाली, "टाइम झाला."

सुभेदारांनी तोंड मिटलं. मग गजाननभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाल, बाप्पा," आणि खिडकीची काच वर केली.